खुशालरावांच्या रंध्याचा फेटा

अकोटला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत खुशालरावांचं सुतारकामाचं दुकान आहे. तिथला विजेवर चालणारा हातरंधा एकोणीस वर्षांचा. त्याचा निळा रंग आता फक्त मुठीखालच्या कोपऱ्यात उरलाय. पट्टा चारदा बदलला, वायरीला तीन गाठी पडल्या, पात्यांची तर गणतीच नाही. मोटार मात्र जन्मापासूनची.

"एकोणीस वर्षं!" खुशालराव गिऱ्हाइकाला ऐकवत. "त्या टायमाचे टीवी गेले, फ्रीज गेले, चार सरपंच गेले. हा आहेच."

एक खोड तेवढी होती. दसऱ्याला त्यांच्या पत्नी आशाबाई दुकानातल्या अवजारांची पूजा करत आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत रंधा हटकून बंद पडे. खुशालरावांच्या मते कारण उघड होतं.

"पूजा झाली का त्याले वाटते, आपण देव झालो. देव कधी काम करते का?"

एकोणिसाव्या दसऱ्यानंतरही रंधा बंद पडला, तेव्हा मुलगा शिवम वैतागला. "बाबा, पुढच्या साली बंद पडला, तर सीधा भंगारात. गिऱ्हाईक हसून राहिले आपल्याले."

खुशालराव मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. मग रंधा टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन अंजनगावमार्गे अमरावतीच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, लेकरू झोपलं का?"

अमरावतीत कमलाकांत, तंत्रशाळेतले निवृत्त शिक्षक, घरीच मोटारी दुरुस्त करायचे. एरवी खुशालराव रंधा ठेवून चहाला जात. या वेळी पाय निघेना. कमलाकांतांनी झाकण उघडलं. आतून मूठभर अक्षता निघाल्या. मग झेंडूच्या करपलेल्या पाकळ्या, कापराचा तुकडा.

"दरवर्षी निघतं," कमलाकांत म्हणाले. "मोटारीला हवा लागते म्हणून बाजूला जाळी असते. त्यातून जातं."

"मंग सांगतलं काहून नाई, मास्तर?"

"मला वाटलं, तुमचा काही नवस असेल."

परतीच्या गाडीत खुशालरावांनी मनाशी हिशोब मांडला. मशीन दमत नव्हती, रुसत नव्हती. तिला दरवर्षी तांदूळ भरवला जात होता, आणि भरवणारी घरचीच होती. तरी बिचारीने एकोणीस वर्षं काढली होती.

घरी आल्यावर त्यांनी बेतानं विषय काढला. "शिवमची माय, अक्षता जरा कमी टाकत जाशील?"

आशाबाईंनी लाटणं थांबवलं. "एकोणीस वर्षं काहून टिकला मंग? तुमच्या हातच्या गुणानं?"

खुशालरावांनी भाकर मागितली.

वर्ष गेलं. शिवमने उन्हाळ्यात नवाकोरा रंधा आणला, लाल, दोन वर्षांच्या गॅरंटीचा. दसऱ्याच्या सकाळी दोन्ही रंधे पाटावर शेजारी मांडले. आशाबाई ताट घेऊन येण्याआधीच खुशालरावांनी पेटीतून स्वतःच्या लग्नातला फेटा काढला आणि जुन्या रंध्याला असा घट्ट बांधला, की जाळीच काय, कंपनीचं नावही दिसेना.

आशाबाईंनी ताट खाली ठेवून दोन्ही हात जोडले. "मायबाई! माहा मान कधी असा केला नाई."

फेट्यावर त्यांनी नुसतं कुंकू लावलं, रेशमी कापडावर अक्षता ठरेनात म्हणून. उरलेलं ताट त्यांनी नव्यावर रिकामं केलं.

"बाबा, माह्या मशीनले फेटा नाई?" शिवम म्हणाला.

"त्याले काय गरज? गॅरंटी आहे ना."

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक रागिणी मॅडमच्या सागवानी दाराच्या मधोमध लाल रंध्याने घर्र केलं, धूर सोडला आणि तो थांबला. शिवमने बटण दाबलं, आपटलं, फुंकलं. खुशालरावांनी फेटा सोडला, तीन गाठींची वायर खोचली. जुना रंधा खोकल्यासारखा करून सुरू झाला. सागवानाचे पातळ, तांबूस छिलके उडून त्यांच्या भुवयांवर बसले.

"काय झालं बे त्याले?" त्यांनी भोळेपणानं विचारलं.

शिवमने जुन्याकडे पाहिलं, मग नव्याकडे. "काई नाई," तो पुटपुटला. "देव झाला."

भंगाराचा विषय तिथेच मिटला. दार पुरं झाल्यावर खुशालरावांनी शिवमला कागदावर कमलाकांतांचा पत्ता लिहून दिला. आतून आशाबाईंचा आवाज येत होता. त्या शेजारच्या गंगूबाईंना पूजेचा गुण सांगत होत्या. खुशालरावांनी आवाज उतरवला.

"सकाळच्या गाडीनं जाय. आन् मास्तर मशीन खोलतीन, तवा समोर बसू नको. बाहेर चहाले जाय."

"काहून?"

"मी अठरा वर्षं गेलो. चहा चांगला भेटते तिथं."