उजव्या बाहीची गुंडी

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागच्या बोळात एक शिंपी बसतो. पँटची उंची कमी करायला मी एकदाच त्याच्याकडे गेलो. त्याच्या स्वतःच्या शर्टाच्या उजव्या बाहीची गुंडी धाग्यावर लोंबत होती. शिंप्यांचं असंच असतं, असं मला वाटलं.

त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर चर्चा चालू होती. समोर आमच्याच भागातला तो वादग्रस्त पुढारी. शिंप्यानं आवाज मात्र बंद ठेवलेला.

"ऐकू द्या की," मी म्हणालो.

"ऐकायचं काय त्यात? ह्याचे शर्ट मीच शिवतो. दर वेळी उजव्या बाहीची गुंडी तुटून येते. अडचणीचं विचारलं की हा गुंडी पिळतो. बघत राहा."

निवेदिकेनं कुठल्याशा जमिनीचा सातबारा कॅमेऱ्यासमोर धरला. पुढारी हसला, पण त्याचा डावा हात उजव्या मनगटाकडे गेलाच. शिंपी निवांत दोरा ओवत होता.

"इतकं ओळखता, मंग मत तरी देत नसाल त्याला."

"आपण? कधीच न्हाई दिलं, साहेब."

सुई उशीत खोचून त्यानं मान खाली घातली. त्याची बोटं त्या लोंबत्या गुंडीला पीळ देत होती.