पुतणीला दिलेला आऊट

शाळेत मी खिचडी शिजवते. पोरी बेसबॉल खेळतात ते मैदान आमच्या शेडच्या समोरच आहे, म्हणून भांडी घासता घासता तो खेळ मला कळायला लागला. पिचर चेंडू टाकते, समोरची पोर बॅटनं मारते आणि एकेक बेस शिवत शेवटी होम प्लेटला परत येते. आली की एक रन. तिचा पाय पडायच्या आधी चेंडू धरलेला ग्लोव्ह, म्हणजे हातातला जाड चामडी मोजा, तिला लागला तर ती आऊट. होम प्लेटमागं चेंडू झेलायला कॅचर बसते आणि कॅचरच्या मागं अंपायर उभा राहतो. आमची होम प्लेट म्हणजे कारखान्यातल्या जुन्या रबरी पट्ट्याचा कापलेला तुकडा. पांढरा रंग दिला तरी आठवड्यात तो मातीचा होतो.

अंपायर व्हायला कुणी तयार नसायचं. पोरी भांडायच्या आणि शिक्षक कंटाळून निघून जायचे. एक दिवस खेळाचे सर शेडमध्ये येऊन म्हणाले, मावशी, तुम्ही रोज बघता, तुम्हीच उभ्या राहा. मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय, असं मी म्हणाले. तोवर त्यांनी तोंडावर बांधायची जाळी माझ्या हातात दिलेली होती.

सरांनी शिकवलं ते थोडंच होतं. होमला पळत कुणी आली की कॅचरच्या पाठीआड राहायचं नाही, बाजूला सरकायचं, म्हणजे ग्लोव्ह आणि पाय यांच्यामधली जागा दिसते. ग्लोव्ह लागला तरी घाई करायची नाही, चेंडू सुटला नाही ना ते बघायचं. मग मूठ वर करून मोठ्यानं आऊट म्हणायचं. पाय आधी पडला असेल तर दोन्ही हात आडवे पसरून सेफ. आणि बॅटवालीनं सोडलेला चेंडू प्लेटवरून, गुडघा आणि छाती यांच्यामधून गेला तर स्ट्राईक; अशा तीन झाल्या की ती आऊट.

बघायला मला जमलं. मोठ्यानं म्हणायला जमेना. पोरी हसायच्या. एक जण म्हणाली, "मावशी, आऊट देताय का खिचडीला मीठ विचारताय?" मग मी सकाळी शेडमध्ये कुणी नसताना मोठ्या पातेल्यात तोंड घालून आऊट म्हणायला लागले. पातेल्यातून आवाज घुमून परत यायचा, तो माझाच आहे हे खरं वाटायचं नाही. पण हळूहळू मैदानावरही आवाज निघायला लागला. घरात मला कुणी काही विचारत नाही. इथं मी म्हटल्याशिवाय खेळ पुढं जात नव्हता. मला ते आवडायला लागलं.

आमच्या घरात थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलगी आणि आम्ही नवरा-बायको एकत्र राहतो. पुतणी नववीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये सगळ्यात जोरात पळणारी तीच. दहावीला खेळ बंद, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, म्हणजे नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं तर याच वर्षी. थोरल्या दिरांसमोर मी डोक्यावर पदर घेते आणि बोलत नाही. आमच्याकडं तशी रीत आहे. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंना सांगतात, मी समोर भाकरी थापत असले तरी. मीही जाऊबाईंकडूनच उत्तर देते. लग्न झाल्यापासून असंच चाललं आहे.

जामखेडकडच्या एका शाळेशी आमची मॅच होती. जिंकेल ती टीम नगरला जाणार. बाहेरून येणार होता तो अंपायर आलाच नाही. सरांनी माझं नाव काढलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की माझी पुतणी खेळतीय, मला नको. त्यांनी तसं समोरच्या सरांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "गावात कुणाची ना कुणाची पुतणी असणारच की. राहू द्या." मी जाळी बांधली.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका रननं मागं होतो. दोघी आऊट झालेल्या, तिसरी झाली की डाव संपतो; पुतणी दुसऱ्या बेसवर. ती होमला आली असती तर बरोबरी झाली असती आणि आमची बॅटिंग चालू राहिली असती. आऊट झाली तर सगळं संपणार होतं. मैदानाच्या कडेला बाभळीखाली गावातली माणसं बसली होती, त्यांत थोरले दीर उभे राहिलेले मला दिसले.

बॅटवरून चेंडू लांब गेला आणि पुतणी सुटली. तिसरा बेस शिवून ती वळली तेव्हा तिकडच्या पोरीनं चेंडू उचलून होमला फेकला. मी बाजूला सरकले. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आला, पुतणी पाय पुढं टाकून घसरत आली, धूळ उडाली. धूळ वर चढायच्या आधी मला दिसलं. ग्लोव्ह तिच्या नडगीला लागला होता आणि टाच प्लेटपासून वीतभर अलीकडं होती. मग पाय प्लेटवर गेला. मी ग्लोव्हकडं बघितलं, चेंडू आतच होता.

मी आऊट म्हणायला तोंड उघडलं आणि बाभळीखालून थोरले दीर चार पावलं पुढं आलेले दिसले. आवाज आला नाही. मूठ छातीपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. ती कुणाला दिसली नाही. आमच्या पोरींनी सेफ सेफ म्हणून आरडाओरडा केला, पुतणीला उचललं, बाभळीखाली टाळ्या वाजायला लागल्या. कॅचर माझ्याकडं बघत ग्लोव्ह वर धरून तशीच बसली होती.

सर धावत आले. "मावशी, काय दिलं तुम्ही?"

त्या घटकेला मी सेफ म्हटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. पोरी नाचत होत्या, मला फक्त मान हलवायची होती. कॅचर अजून उठली नव्हती. मी मूठ डोक्याच्या वर नेली आणि पातेल्यात म्हणत होते तेवढ्या जोरात म्हणाले, "आऊट."

पोरींचा नाच थांबला. पुतणी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काकू, माझा पाय आधी लागला हाय. तुमी आधी काहीच बोलल्या न्हाईत, आता बदलताय." ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटलं होतं. मी म्हणाले, "मूठ आधीच केलती, वर गेली न्हाई." तेवढंच. ती निघून गेली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माझे मालक टेम्पो घेऊन बाहेर गेलेले होते. मी त्यांना फोन केला तर म्हणाले, तुझं तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही. जाऊबाईंनी भाकरी स्वतःच थापल्या, मला परातीला हात लावू दिला नाही. घरच्या पोरीला कोण आऊट देतं, असं त्या चुलीकडं बघून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी थोरले दीर शाळेत सरांना भेटून आले. समोरच्या शाळेचे सर भले निघाले. त्यांनी कळवलं होतं की अंपायरच धुळीमुळं नीट दिसलं नाही म्हणत असतील तर शेवटचा डाव परत खेळू, आमची हरकत नाही. थोरले दीर ओसरीवर बसले आणि आतल्या जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, धुळीत दिसलं न्हाई एवढंच म्हनायचं हाय. कुणाचं काई जात न्हाई. पोरीचं वरीस वाचतंय."

मी दाराआडच होते. पुतणी पलीकडं भिंतीला टेकून बसली होती.

आदल्या रात्रभर मी मैदानावरचं ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणलं होतं. आणि मला एक गोष्ट कळली होती. दर वेळी तिचा पाय थोडा थोडा पुढं सरकत होता. वीतभर होता तो चार बोटांवर आला, नंतर प्लेटला टेकल्यासारखाच वाटायला लागला. माझी माया तो पाय पुढं ढकलत होती. म्हणून मी ठरवलं की आठवून बघायचं नाही. बघितलं ते मैदानावर, त्याच वेळेला. तेच खरं धरायचं.

जाऊबाई माझ्याकडं वळल्या आणि दिरांनी सांगितलं तसंच सगळं पुन्हा सांगितलं. मी त्यांना उत्तर दिलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला, उंबऱ्याशी आले आणि ओसरीकडं तोंड करून म्हणाले, "दादा, मला दिसलं हुतं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळं रागवायचं कसं हेच त्यांना सुचलं नसावं. मी म्हणाले, "न्हाई दिसलं म्हणलं तर पुढं मी काय बी दिलं तर कोण मानंल? पोरीचं वरीस गेलं, मला लई वाईट वाटतंय. पण ती आऊट हुती."

ते उठले, चपला घालून बाहेर गेले. जाऊबाई म्हणाल्या, "लई बोलायला लागली की." पुतणी उठली आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

नगरला दुसरी टीम गेली. आमच्याकडं सराव तेवढा चालू राहिला, कारण लहान वर्गातल्या पोरींना शिकायचं होतं. सरांनी मला विचारलं, थोडे दिवस थांबता का मावशी, घरात त्रास नको. मी नाही म्हणाले. खिचडी उतरवली, हात धुतले आणि जाळी बांधून प्लेटमागं जाऊन उभी राहिले. पुतणी आठवडाभर आलीच नाही. नंतर आली, पण कडेला दप्तर घेऊन बसायची. मी उभी आहे तोवर खेळणार नाही, असं तिनं सरांना सांगितलेलं मला कळलं. मी तिला काही म्हटलं नाही आणि जागाही सोडली नाही.

काल एक पोर आजारी म्हणून आली नव्हती आणि बॅटिंगला कुणी उरलं नाही. सर पुतणीकडं बघत राहिले. ती बराच वेळ चपलेनं माती उकरत बसली. मग उठली, बॅट घेतली आणि माझ्याकडं पाठ करून प्लेटजवळ उभी राहिली. पहिला चेंडू तिनं सोडला. तो गुडघ्याच्या अगदी जरासा वर होता, प्लेटच्या कडेवरून गेलेला. तिच्या मते तो बाहेर होता हे तिच्या खांद्यावरूनच कळत होतं.

मी म्हणाले, "स्ट्राईक."

तिनं मागं वळून बघितलं. मीही जाळीतून तिच्याकडं बघितलं. मग तिनं पाय मातीत घट्ट रोवले आणि पुढच्या चेंडूसाठी बॅट वर केली.