साळूबाईची खिडकीतली जागा

साळूबाईला कुणी "नको" म्हटलं की तिचे पाय आपोआप चपला शोधतात. चौसष्ट वर्षांची बाई. निम्मं आयुष्य अंकुशनगरच्या उसात गेलं आणि नवरा वारल्यावर ती जालन्याला मुलाकडं, भागवतकडं राहायला आली. गेल्या दिवाळीत अंबडच्या स्टँडवर गाडी बदलताना ती चुकून घनसावंगीच्या गाडीत बसली, भागवतनं दिवसभर शोधलं, आणि त्या दिवसापासून एकटीनं कुठंही जायचं नाही असा हुकूम निघाला. अंकुशनगरला सख्खी बहीण, मालनबाई. तिचं तोंड बघायचं तर आता भागवतला लोखंडाच्या मिलमधून सुट्टी मिळायची वाट बघा! ही काय जिंदगी झाली?

त्यात हिवाळ्यात गांधी चमन चौकातून शहर दाखवायची बस निघाली. एकदा तिकीट काढायचं, वाटेल तिथं उतरायचं, बघून झालं की मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचं. साळूबाईनं लगेच भागवतला अट घातली.

"एकटी सगळं जालनं फिरून पाचाच्या आत गांधी चमनला येते. आले, तर शुक्रवारी मालनकडं एकटी जाईन. न्हाई आले, तर पुन्हा नाव काढणार न्हाई."

आई हरणार याची भागवतला खात्री होती, म्हणून तो कबूल झाला. "पण खिडकीत बसून राह्य. बिलकुल उतरू नको."

"न उतरता बघायचं, तर मंग घरचा टीव्ही काय वाईट हाय?"

ठरल्या दिवशी बस गांधी चमनहून सुटली. पहिल्या थांब्याला, मोतीबागेला, कुणीच उतरलं नाही. खिडकी गेली तर? पुढच्या थांब्याला, मस्तगडला, मात्र साळूबाई उठली आणि जाताना पिशवी सीटवर ठेवून गेली. एसटीत जन्म गेलेली बाई ती. पिशवी बसली म्हणजे माणूस बसला, हा तिथला कायदा. जागा धरलेल्या माणसाला सोडून गाडी जाईलच कशी?

गेली. पिशवी खिडकीत बसून पुढं गेली आणि तिच्याबरोबर मोबाईल आणि पाण्याची बाटलीही गेली. साळूबाई दोन पावलं बसमागं धावली. गुडघे दुखत होते. समोरच्या भांड्यांच्या दुकानातून म्हाताऱ्या गिरधारीलालनं स्टूल पुढं केलं.

"बसा माँजी. मुलाचा नंबर सांगा, लगेच फोन लावतो."

नंबर तिला पाठ होता. दहाच्या दहा आकडे जिभेवर आलेही होते. ते सांगितले असते तर भागवत न्यायला आला असता आणि तिथंच संपलं असतं सगळं.

"पाठ हाय," ती म्हणाली, "पण सांगणार न्हाई."

तिकीट कमरेच्या बटव्यात होतं. ती पाणी प्याली, पितळी डबे उलटेपालटे करून बघितले, आणि अर्ध्या तासानं पुढची बस आली तशी चढली. बसमधली तिकीट बघणारी पोरगी म्हणाली, "आजी, तुमची पिशवी गांधी चमनला उतरवून ठेवतील. तुम्ही आता उतरू नका, सरळ तिथंच चला."

"पिशवीला जाऊ द्या सरळ. मला तलाव बघायचाय."

ती घाणेवाडीच्या तलावाला उतरली. पाण्यात पाय सोडून बसली. शंभरदा जालन्यात बाहेर पडली होती, पण दवाखाना नाहीतर लग्न, आणि दर वेळी कुणाच्या तरी पाठीमागं. आज पुढं कुणी नव्हतं. बरं वाटलं तिला, फार बरं वाटलं.

इकडं भागवत चार वाजल्यापासून फोन लावत होता. शेवटी गांधी चमनला येऊन त्यानं पुन्हा लावला, तर फोन वाजला तो बसच्या चौकीतल्या टेबलावर, पिशवीत. पिशवी होती, आई नव्हती.

पावणेपाचला बस आली. साळूबाई दांडी धरून सावकाश उतरली. भागवतला आधी रडू आलं, मग राग.

"म्हणलो व्हतो ना? हरवलीस!"

"पिशवी हरवली," साळूबाई म्हणाली. "तू म्हणला तशी ती खिडकीत बसून राह्यली, बिलकुल उतरली न्हाई. मी उतरले, म्हणून बराबर आले. घड्याळ बघ."

भागवतनं घड्याळ बघितलं आणि मान खाली घातली.

"शुक्रवारची पहिली गाडी किती वाजता हाय, तेवढं इचारून ये," चौकीतली पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली. मग थांबली. "राहू दे. मीच इचारते."