हिरड्याची पिशवी घेऊन बंदरला

आदिलाबादच्या फलाटावरून मामांनी नमुन्याच्या हिरड्याची पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "सांभाळून नेजो."

"कोणी घेतला नाही त मंग?"

"काऊन आधीच रडून राह्यला? गाडी त सुटू दे!"

उटनूरकडच्या चार घरांनी जंगलात वेचलेला हिरडा आमच्या मावला गावच्या कोठ्यात पोत्यांनी पडून होता. घेणारा शेठ किनवटचा. राज्यांची नवी वाटणी झाली, किनवट मुंबईकडे गेलं, आम्ही आंध्रात आलो, आणि शेठ येईनासा झाला. दुसरं गिऱ्हाईक मी शोधतो, असा शब्द त्या चार घरांना मी देऊन बसलो होतो. मच्छलीपट्टणला (तिकडे नुसतं बंदर म्हणतात) कापडावर छाप मारणाऱ्या रंगाऱ्यांचं हिरड्यावाचून चालत नाही, एवढीच माहिती. माझी शाळा चौथीत सुटलेली, तेलुगू बाजारापुरती. समुद्र तर चित्रातच पाहिलेला.

किनवटला गाडी थांबली तेव्हा शेठची माणसं दिसतील म्हणून मी तोंड आत घेतलं. कालपर्यंत आमच्याच जिल्ह्यातलं गाव. चहा प्यायला उतरलो नाही.

मुदखेड, सिकंदराबाद, बेजवाडा (आताचं विजयवाडा) अशा गाड्या बदलत तिसऱ्या सकाळी बंदरला पोचलो. सुक्या मासळीचा वास आधी आला, गाव नंतर. रंगारी कुठे राहतात विचारलं, तर रिक्षावाल्याने उलट विचारलं, "कौनसी पेटा?" इथे वलंदपालेम म्हणजे वलंदेजांची (डच व्यापाऱ्यांची) वस्ती, इंग्लिशपालेम इंग्रजांची, फ्रेंचपेटा फ्रान्सवाल्यांची.

"वो लोग किधर हैं?"

"गये. नाम छोड़ के गये," तो म्हणाला आणि मला फ्रेंचपेटेत उतरवून गेला.

तिथल्या खाणावळीच्या अम्माने भात वाढला, वर गोंगूरा (अंबाडीच्या पाल्याची चटणी). अंबाडी! घरची चव लागली आणि मी पान पुसून साफ केलं. तिने पाणी पुढे केलं आणि न मागता पुन्हा भात घातला. त्या दुसऱ्या वाढीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

जेवणानंतर तिच्याकडून लोखंडी घमेलं मागून घेतलं आणि सगळा हिरडा पाण्यात टाकला. आमची माळव्याची (भाजीपाल्याची) घरं. मुळा असो की वांगं, धुऊन चकचकीत केल्याशिवाय गिऱ्हाइकापुढे मांडायचं नाही. प्रवासाची धूळ निघेल म्हणून हिरडा भिजत ठेवला आणि समुद्र बघायला गेलो.

वाटेत वलंदेजांची थडगी लागली. दगडांवर ढाली कोरलेल्या, एका थडग्याच्या कोपऱ्याला शेळी बांधलेली. समुद्र मात्र निळा नव्हताच. पुरातल्या पैनगंगेसारखा मातकट. तरी किती तरी वेळ बघत राहिलो.

परतलो तर घमेल्यात शाई! पाणी काळं, हिरडा काळा.

"एमय्या, एमयिंदी?" (काय रे, काय झालं?) अम्माने विचारलं. मी घमेलं तिच्यापुढे सरकवलं. गाडी गाठून परत जावं असं वाटलं. मग कोठ्यातली पोती आठवली, ती वेचणाऱ्या बायांचे ओरखडलेले हात आठवले. घमेलं तसंच डोक्यावर घेतलं आणि रंगाऱ्यांची गल्ली विचारत निघालो. काळं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

गल्लीत लाकडी ठशांची ठकठक. हिरड्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवलेल्या कापडांचा आंबूस वास. मस्तानसाहेब म्हणून म्हातारे रंगारी होते, त्यांच्यापुढे घमेलं उतरवलं.

"लोहे में भिगाये? किसने सिखाया मियाँ?"

"हमारे में माल धो के बेचते, साहेब."

"हिरडा बेचने आया कि काजल?" एक कारागीर म्हणाला आणि सगळी गल्ली हसली.

मस्तानसाहेब हसले नाहीत. त्यांनी काडी बुडवून पांढऱ्या चिंधीवर रेघ ओढली, उन्हात धरली. रेघ वाळताना काळी होत गेली, आणखी काळी. मग त्यांनी टांगलेलं कापड दाखवलं. वेलबुट्टीची काळी किनार अशीच निघते, म्हणाले. कापडाला हिरडा, वरून लोखंडाचं पाणी. हिरडा कमजोर असला की किनार राखेसारखी दिसते.

"इसमें जान है. ये घमेला तो गया. बोरे भेजो." रेघेची चिंधी त्यांनी माझ्या हातात दिली. मी पायरी उतरलो तर मागून ओरडले, "मगर धोना नक्को!"

अम्माचं घमेलं राखेने, चिंचेने घासलं, डाग गेला नाही. दुसरं घेऊन देतो म्हटलं तर तिने हात झटकला आणि वाटेसाठी कागदात बंदरचे लाडू बांधून दिले.

येताना किनवटला उतरलो, चहा घेतला. आल्याचा, पूर्वीसारखाच. सरकारी दप्तरात गाव कुठे का जाईना, मला तिथे तोंड लपवायचं आता काही कारण नव्हतं.

आदिलाबादला मामा फलाटावर उभे होते. मी चिंधी पुढे केली. त्यांनी अंगठा थुंकीने ओला करून रेघ घासली, पुन्हा घासली. रेघ हलली नाही.

"उद्या उटनूरले जाय," मामा म्हणाले, "सांग त्याइले, आणखी वेचा म्हना."