देठाविना उतरलेले आंबे

त्या मे महिन्यात थोरला भाऊ बायकोमुलांना घेऊन कायमचा मुंबईला निघाला होता. पावसाळ्यात आगबोट बंद व्हायची, म्हणून शेवटची बोट गाठायची घाई होती. त्यांच्याबरोबर द्यायचे हापूस उतरवायला मी झाडावर चढलो, ते मनातल्या मनात त्याला शिव्या घालतच. गिरणीत लागला आणि स्वतःला मोठा समजायला लागला. घर माझ्या गळ्यात टाकून चालला.

आंबा झेल्याच्या, म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या, जाळीत घेऊन बेताने ओढायचा, म्हणजे बोटभर देठ राहतो. देठ तुटला की चीक ओघळतो आणि फळ डागळतं. माझे लागोपाठ चार आंबे देठाविना आले. खाली वडील उभे होते. त्यांनी ते चीक गळायला उलटे ठेवले आणि म्हणाले, "जरा बस तिथंच. हात असे हिसके का मारतोय ते बघ."

मी चिडूनच फांदीवर बसलो. जबडा आवळलेला होता, तो सोडला. तेव्हा कळलं की हिसके रागाचे नव्हते. बावीस वर्षं मी दादाच्या मागून चालत आलो होतो. आता पुढे कोणी नसणार, याची ती भीती होती.

एवढं कळलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. पुढचे सगळे आंबे देठासकट आले.

संध्याकाळी पेटी भरताना दादाने ते चार बिनदेठाचे आंबे बाजूला ठेवलेले पाहिले. "इतका राग आलाय माझा?"

"राग नाही," मी म्हणालो. "तू जातोयस."