पुसणाऱ्याने कारण व नाव लिहावे

बाई गेल्याची बातमी मला उशिराच कळली. आमच्या ऑफिसात कामाच्या मजल्यावर फोन न्यायला बंदी आहे, तो दाराजवळच्या लॉकरमध्ये ठेवून आत जायचं. चहाला म्हणून बाहेर आलो, लॉकर उघडला, तर आईचे मिस्ड कॉल आणि चाळीच्या ग्रुपवर बाईंचा एकटीचा फोटो. आमच्या चाळीत कुणाचा असा एकट्याचा फोटो ग्रुपवर आला की एक तर वाढदिवस असतो, नाही तर हे. बाईंचा वाढदिवस कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे खालचं वाचायची गरज पडली नाही. आईला फोन लावला. ती म्हणाली, "दुपारची जेवली, झोपली, ती उठूकच नाय रे... तू ये." मी आलो. येताना नाक्यावर फळा दिसला. त्यावर बाईंचं अक्षर होतं, खाली सही होती, आणि वर कुणीतरी एवढ्यातच झेंडूचा हार घातला होता.

शारदा कांबळे हे त्यांचं नाव. परळच्या आमच्या चाळीत त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. महापालिकेच्या शाळेत जन्म काढला, लग्न केलं नाही, वडिलांच्या खोलीतच राहिल्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, शेजारी. पण त्यांच्या लेखी या दोन्हींत फारसा फरक नसे. चाळीच्या तोंडाशी भिंतीवर जो काळा फळा आहे, तो त्यांच्या वडिलांनी बसवलेला. गिरणीत कामाला होते, रात्रशाळेत लिहायला शिकले, आणि शिकलेलं घरात ठेवायचं नाही म्हणून रोज सकाळी पेपरातल्या दोन बातम्या फळ्यावर उतरवायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचूनही दाखवायचे. संपाच्या काळात फळ्यावरचा मजकूर कुणीतरी गुपचूप पुसून जायला लागलं. तेव्हा त्यांनी फळ्याला कुलूप लावलं नाही की पहारा बसवला नाही. एका खिळ्याला डस्टर टांगला आणि फळ्याच्या तळाशी पांढऱ्या ऑइलपेंटने एक ओळ लिहिली: 'पुसणाऱ्याने कारण व नाव लिहावे.' ती ओळ अजून आहे. वडिलांमागे फळा बाईंकडे आला. पाणी, लसीकरण, दहावीचे निकाल, कुणाचा पाय मोडला, आणि जागा उरली तर स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी. रोज पुसायचं, रोज नवं लिहायचं. स्वतःचं नाव मात्र त्या घालत नसत. "फळा चाळीचा आहे, माझा नाही," असं म्हणत.

बाई काही देवमाणूस नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाला ताबडतोब देव करायची आपल्याकडे घाई असते. त्या हट्टी होत्या, फटकळ होत्या, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं की दुसऱ्या मजल्यावरून खाली कचरा टाकणाऱ्यांनी निदान खाली बघून टाकावा. कोण ते लिहिलं नव्हतं, पण सगळ्या चाळीने साळवींच्या मंगलकडे बघायला सुरुवात केली. दुपारी मंगल खाली आली, तिने ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'कचरा माझा नाही. मंगल साळवी.' खरंच तिचा नव्हता. बाई तिच्या घरी जाऊन माफी मागून आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा कोराच ठेवला. पाण्याची वेळसुद्धा लिहिली नाही, त्यामुळे अर्धी चाळ त्यांच्यावर चिडली ते वेगळंच.

माझं काम काय आहे ते त्यांना समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. लोक इंटरनेटवर जे टाकतात त्यातल्या ज्या गोष्टींविरुद्ध तक्रार येते त्या आम्ही बघतो. नियमात बसल्या तर ठेवतो, नाही तर काढून टाकतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू पुसतोस." मी म्हटलं, हो, पुसतो. "नाव लिहितोस?" मी हसलो. "बाई, तिथे लिहिणाराच नाव लिहीत नाही, तर पुसणाऱ्याने का लिहावं? घरी येऊन मारतील." त्यावर म्हणाल्या, "मग दोघंही भित्रेच." मला राग आला. दिवसभर खुर्चीत बसून आम्ही काय काय बघतो ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्या रागातच मी त्यांना त्या दिवशी काढून टाकलेली एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहिण्यासारखी नाही. एका लहान मुलाला मारतानाचा व्हिडिओ होता एवढंच सांगतो. बाईंनी बशीतला चहा तसाच ठेवला. म्हणाल्या, "ते पूस बाबा. त्याला कारण नको, नाव नको." मी निघालो, चपला घातल्या, तेव्हा मागून आवाज आला, "पण सगळंच तसं नसतं ना रे?" नसतं. ते मलाही माहीत होतं.

त्यांच्या स्वतःवर पुसलं जाण्याचा प्रसंग आला तो एका सुविचारामुळे. एका रविवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शेजाऱ्याचा आवाज सहन होत नसेल, तर एकदा त्याची शांतता ऐकून बघा.' माझ्या बहिणीने त्याचा फोटो चाळीच्या पेजवर टाकला. वर्षभराने तेच वाक्य बाईंच्या फोनवर परत आलं, गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, आणि खाली एका प्रेरणादायी वक्त्याचं नाव. बाईंनी खालच्या नंबरवर सरळ फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, हे वैश्विक विचार असतात." बाई म्हणाल्या, "मग खाली विश्वाचं नाव टाका. तुमच्या साहेबांचं का टाकलंत?" फोन कट झाला. काही दिवसांनी त्या वक्त्याच्या कंपनीने चाळीच्या पेजविरुद्ध कॉपीराइटची तक्रार केली, त्यांच्या छापील कॅलेंडरात ते वाक्य होतं म्हणून, आणि बहिणीचा फोटो उडाला. बाईंचं वाक्य बाईंच्याच चाळीच्या पेजवरून चोरीचं म्हणून काढलं गेलं! त्या तरातरा आमच्या घरी आल्या. मी म्हटलं, उत्तर देता येतं, पण पुरावा लागतो. तुम्ही आधी लिहिल्याचा काही पुरावा? बहिणीने फोनवरचे जुने फोटो केव्हाच काढून टाकले होते. बाई म्हणाल्या, "पुरावा सोमवारी सकाळी मीच पुसला." मग स्वतःच हसल्या. पण त्यांना ते लागलं होतं. वाक्य घेतल्याचं तितकं नाही, नाव लावल्याचं.

आता एका गणपतीतली गोष्ट. माझे वडील तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणावर होते. आमची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी नाक्यावर उघडणारी. एप्रिलमध्ये जयंतीला आणि मग गणपतीत स्पीकरची भिंत उभी राहायची ती बरोबर त्या खिडकीसमोर. खिडकी लावली तरी भांडी थरथरायची. वडिलांना बोलता येत नव्हतं. आवाज वाढला की चांगल्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून ठेवायचे. आई जयंती समिती आणि गणपती मंडळ, दोन्हीकडे सांगून आली होती. दोन्हीकडची माणसं चांगली, घरोब्याची. 'हो काकी, हळू करतो' म्हणाली, आणि आवाज होता तसाच राहिला. बाई वडिलांना बघायला आल्या, थोडा वेळ पलंगाशी बसल्या आणि खाली गेल्या. सकाळी फळ्यावर तीन ओळी होत्या:

'जयंतीला वाचनालय उघडायचं ठरलं होतं. उघडला तो स्पीकर.

गणपतीत आरती ऐकू यायला हवी. ऐकू आला तो स्पीकर.

आजारी माणसाचा समावेश कोणत्या मंडळात होतो, ते कळवावे.'

दुपारपर्यंत त्या फळ्याचे दोन फोटो फिरायला लागले. एकात फक्त पहिली ओळ होती, दुसऱ्यात फक्त दुसरी. कुणी कापले देव जाणे. तिसरी ओळ कुठल्याच फोटोत नव्हती. जयंती समितीच्या ग्रुपवर पहिला फोटो पेटला, मंडळाच्या ग्रुपवर दुसरा. अपमान, भावना, माफी, गुन्हा दाखल करा... मी रोज जे शब्द वाचून पगार घेतो ते सगळे आमच्या जिन्याखाली आले होते. संध्याकाळी नाक्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं जमली. पोलीस चौकीतून चाळ कमिटीला निरोप आला की प्रकरण लवकर मिटवा. कमिटीचे लोक बाईंच्या खोलीत आले. मीही होतो. मार्ग सोपा होता: फळ्यावर नाव नाही, कमिटीने सांगायचं, कुणी अज्ञाताने लिहिलं, आम्ही पुसून टाकतो. मी बाईंना म्हटलं, "ऐका त्यांचं. आमच्यासाठी लिहिलंत, आता आमच्यासाठीच गप्प बसा." आई तर हात जोडून म्हणाली, "बाई, आमच्यापायी तुमी कित्याक मधी पडतास?"

बाई म्हणाल्या, "माझ्या आजोबांना सगळीकडे अंगठा उठवायला लागायचा. काय लिहिलंय ते दुसरा सांगायचा, हे मान खाली घालायचे. आता लिहिता येतं तर म्हणू, की मी नाही लिहिलं?"

खडू घेऊन त्या खाली उतरल्या. मी मागोमाग गेलो. बाई गर्दीतून सरळ फळ्याकडे गेल्या आणि तीन ओळींखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: शारदा धोंडिराम कांबळे. मग वळल्या आणि वर्गात विचारावं तसं म्हणाल्या, "ज्याला पुसायचंय त्याने पुसा. डस्टर तिथे आहे. नियम खाली लिहिलाय."

मग जयंती समितीच्या बाजूने बाईंचा सख्खा भाचा, रवींद्र, पुढे आला. मान वर न करता त्याने पहिली ओळ पुसली आणि तिथे लिहिलं, 'आमचं आम्ही बघू. रवींद्र कांबळे.' बाईंचा चेहरा उतरला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "सही केलीस ना? मग झालं." आता मंडळाचे सेक्रेटरी, आमचे सावंतकाका, अस्वस्थ झाले. पहिली ओळ गेल्यावर स्पीकरची ओळ एकट्या त्यांचीच उरली होती. "म्हणजे काय आम्हीच एकटे काय?" असं पुटपुटत तेही पुढे आले, दुसरी ओळ पुसली, लिहिलं, 'गैरसमज नको. वसंत सावंत.' आणि मग सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. तीन नावं होती आणि मध्ये एकच ओळ शिल्लक होती: आजारी माणसाचा समावेश कोणत्या मंडळात होतो, ते कळवावे.

ती कुणी पुसली नाही. पुसायची तर कारण लिहायला लागलं असतं. सावंतकाकांनी एकदा वर आमच्या खिडकीकडे बघितलं, आई खिडकीत उभी होती. माणसं पांगली. त्या फळ्याचा फोटो मात्र कुठल्याच ग्रुपवर फिरला नाही.

स्पीकरची भिंत त्या वर्षी खिडकीसमोरून हलली, पुढच्या गल्लीच्या तोंडाशी गेली. आवाज फार कमी झाला असं नाही, पण भांडी थरथरायची थांबली. वडील त्यानंतर एक पावसाळा काढून गेले. त्या दिवसापासून बाई रोज फळ्यावर सही करू लागल्या, पाण्याच्या वेळेखालीसुद्धा. मी चिडवायचो, "पाणी काय तुम्ही सोडता?" तर म्हणायच्या, "चुकीची वेळ लिहिली तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळलं पाहिजे ना लोकांना."

त्या गेल्या त्या सकाळी त्यांनी लिहिलं होतं, 'उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवावे. शारदा कांबळे.' बस, एवढंच. शेवटचं अक्षर म्हणून ते कुणी पुसेना. हार सुकला, दुसरा आला. कुणीतरी म्हणालं, काच लावू या. रवींद्र म्हणाला, वरून वॉर्निश मारू, टिकेल. त्याचे डोळे भरले होते. आठवडे गेले. तळमजल्यावर नवे भाडेकरू आले आहेत, नाशिककडचं तरुण जोडपं. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. परवा सकाळी कामाला निघालो तर त्यांच्या दारात पिंप, बादल्या, कळशा, सगळं काठोकाठ भरून मांडलेलं. ती मुलगी मला म्हणाली, "दादा, इथे रोजच उद्या पाणी नसतं का हो?"

मला हसू आलं. हे बाईंनी खपवून घेतलं नसतं. फळ्यावर खोटं लिहिलेलं राहतंय, आणि तेही त्यांच्या सहीने.

मी हार काढून बाजूला ठेवला. डस्टर खिळ्यालाच होता, खडूचा तुकडा फळ्याच्या पट्टीवर. नोकरीत मी आजवर किती पुसलं त्याला गणती नाही, आणि कशावरच माझं नाव नाही. हात पटकन उठला नाही. अक्षर त्यांचं होतं, 'शारदा'तला 'श' त्यांच्याच वळणाचा होता... मग पुसलं. फळा ओल्या फडक्याने स्वच्छ केला, वाळेपर्यंत थांबलो, आणि नियमाप्रमाणे लिहिलं:

पाणी आलं आहे, म्हणून पुसलं.

प्रशांत सखाराम तावडे.