चौदा नावं

अक्षरतात्यांना गावभरची माणसं नावानिशी ठाऊक होती, पण त्यातली बरीचशी मेलेली. तो त्यांच्या धंद्याचाच दोष होता. चर्चच्या दफनभूमीत जो कुणी जाई, त्याच्या दगडावरची अक्षरं तात्यांच्या छिन्नीखालून जात. आधी वडील हे काम करायचे, मग चौतीस वर्षं तात्या. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराचं दुकान, भिंतीला टेकवलेल्या काळ्या-पांढऱ्या लाद्या, पाण्याचं पिंप आणि सगळ्यावर बसलेली दगडाची पूड. ती त्यांच्या भुवयांतही असायची. बायको म्हणायची, "अहो, आंघोळ करून आलात तरी अर्धं दुकान घरात आणता!"

तात्या फारसे भाविक नव्हते. रविवारी उपासनेला जायचे, कारण जायचं असतं म्हणून. उपदेशाच्या वेळी हमखास डुलकी लागायची. बायकोचं कोपर बरगडीत बसलं की दचकून "आमेन" म्हणायचे, तेही बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी. खरी भाविक त्यांची बायको. बावीस वर्षं ती संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवत होती. अर्धी मंडळी तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे लग्न झालेले बाप्येही तिला टीचरच म्हणायचे.

एका सोमवारी चर्च कमिटीचे सेक्रेटरी टेम्पो घेऊन दुकानावर आले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्यामुळे लोक त्यांना मागे किल्लीसाहेब म्हणत. टेम्पोत सहा दगड होते, जुने, शेवाळ धरलेले.

"तात्या, हे घासून कोरे करायचे. मागल्या ओळीतले आहेत. कुणी वाली नाही यांना. घराणी केव्हाच देशोधडीला लागली. नव्या लोकांना उपयोगी पडतील."

"पाळकसाहेबांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर पाठवलंय."

तात्यांनी घासले. महिन्याभरानं आठ आले, तेही घासले. घासण्याआधी प्रत्येक नाव वाचायची त्यांना सवय होती. वाचलं नाही तर काहीतरी चोरल्यासारखं वाटे. आठातलं एक नाव वाचताना हात थबकला होता. त्या म्हाताऱ्याचा नातू सायकली दुरुस्त करायचा आणि दोनच गल्ल्या सोडून राहायचा. म्हणजे वाली होता की! पण पाळकसाहेबांनी विचारूनच घेतलं असेल, आपण कशाला नसत्या उठाठेवी करा, असं म्हणून तात्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मशीन सुरू केलं. पुढे हे एक वाक्य त्यांना फार छळणार होतं.

तिसऱ्या खेपेला पाच दगड आले. सगळ्यात खाली एक हातभर लांबीची पांढरी लादी होती. तात्यांनी ओल्या फडक्यानं ती पुसली आणि वाचली.

'आमची छकुली. अकरा दिवस.'

हे त्यांचं स्वतःचं, वडिलांच्या हाताशिवाय केलेलं पहिलं काम. 'अकरा'मधला 'रा' थोडा कललेला होता. तेव्हा त्यांनी छकुलीच्या आईला म्हटलं होतं, दुसरी लादी घेऊन नव्यानं करून देतो. ती म्हणाली होती, "राहू द्या. तीसुद्धा अशीच मान कलती करून झोपायची."

ती आई जिवंत होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून आता निवृत्त झालेली. सगळे तिला नर्सबाईच म्हणत. खुब्याचं हाड मोडल्यामुळे चार महिने ती मुलीकडे राहायला गेली होती, एवढंच. चार महिने बाई दिसली नाही, तर तिच्या पोरीला वाली उरला नव्हता.

तात्या तसेच उठून दफनभूमीत गेले. मागल्या ओळीची माती सपाट केली होती. त्यावर सिमेंटचे नवे चौकोन बांधलेले, प्रत्येकावर नंबर. राखणदाराला विचारलं तर तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "बड्या घरांनी आधीच घेऊन ठेवल्यात जागा. त्यातले निम्मे आपल्या मंडळीतलेही नाहीत. मला काही विचारू नका तात्या, माझी नोकरी आहे."

पाळकसाहेबांची खोली चर्चच्या मागे होती. त्यांनी तात्यांना हात धरून बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. आवाज त्यांचा नेहमीच मऊ.

"तात्या, मेलेल्यांना दगडाचं काय हो? ते प्रभूजवळ आहेत."

"मग नव्या लोकांना तरी कशाला हवेत?"

पाळकसाहेब हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "छपराला गळती आहे, शाळेची भिंत पडायला आलीय. हा पैसा कुठून आणू? आणि तुमच्या वडिलांशेजारची जागा आहे ना, झाडाखालची, ती तुमच्यासाठी आणि टीचरसाठी मी राखून ठेवलीय. एक पैसा द्यायचा नाही."

तात्यांनी कप बाजूला सारला. चहावर साय धरली होती. ते उठले तेव्हा पाळकसाहेब तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "चार लोकांत बोलायच्या आधी विचार करा. नावं पुसली कुणी? मी तर मशीनला हातही लावलेला नाही."

आणि हे खरं होतं.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले, पण मान वर झाली नाही.

"किती घासलेत?"

"चौदा."

"आणि घरी येऊन माझ्याबरोबर प्रार्थनेला बसत होतात?"

तिनं भाजीची परडी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "नर्सबाईंना तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको."

नर्सबाई परतल्यावर तात्या लादी गोणपाटात गुंडाळून त्यांच्याकडे गेले. बाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. तात्यांनी गोणपाट उलगडलं. बाईंनी लादीवरून हात फिरवला, 'रा'वर बोट थांबलं.

"ही तिच्या जागेवर का नाही?"

तात्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही; चौदाही सांगितले, सायकलवाल्याचा आजोबाही सांगितला. बाई रडतील, शिव्या घालतील अशी त्यांची तयारी होती. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आणि ती? तिला त्यांनी हलवलं का?"

"माहीत नाही, बाई."

मग मात्र त्या खुर्चीचा हात धरून बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर नेहमीसारख्या सूचना झाल्या. "आणखी कुणाला काही सांगायचंय?" असं पाळकसाहेबांनी सवयीनं विचारलं आणि तात्या उभे राहिले. इतक्या वर्षांत ते चर्चमध्ये कधी बोलले नव्हते. खिशातून त्यांनी सिमेंटच्या पिशवीचा फाडलेला कागद काढला.

"चौदा नावं वाचतो. हे दगड मी घासले. पाळकसाहेबांनी आणि कमिटीनं पाठवले, पण घासले मी."

पहिली तीन नावं होईपर्यंत कुणाला काही उमगलं नाही. चौथ्याला एक म्हातारी किंचाळली, "अहो, ही माझी बहीण!" पाळकसाहेबांनी ऑर्गनकडे खूण केली. वाजवणारी पोरगी गोंधळली आणि तिनं शेवटचं गीत सुरू केलं. चाल इतकी ओळखीची की अर्धी मंडळी आपसूक उठून गायला लागली. उरलेली अर्धी 'थांबा, थांबा' म्हणत होती. त्या गलक्यात तात्या घसा फोडून नावं वाचत राहिले. किल्लीसाहेब कागद हिसकावायला आले तेव्हा टीचर मध्ये उभी राहिली. ती एकदाच म्हणाली, "लहानपणी तुला मी काय शिकवलं होतं रे?" ते मागे सरले. चौदावं नाव कुणाला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

नंतर काय झालं? वरून चौकशीला दोघंजण आले, बंद दाराआड बसले आणि गेले. नव्या जागांची विक्री थांबली. पाळकसाहेबांची बदली झाली, दुसऱ्या मोठ्या चर्चमध्ये, हारतुऱ्यांसह. किल्लीसाहेब आहेत तिथेच राहिले. कित्येकांनी तात्यांशी बोलणं टाकलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, आता बाहेरचे हसतात, असं त्यांचं म्हणणं. छकुलीला हलवलेलं नव्हतं, राखणदारानं वधस्तंभाची शपथ घेऊन सांगितलं. तिची लादी परत बसली. बाकीच्यांची जागा नक्की कुणालाच दाखवता आली नाही.

सायकलवाला एकदा दुकानावर आला. भिंतीला लावलेल्या चौदा कोऱ्या दगडांकडे बघत म्हणाला, "यातला आमचा कुठला?"

घासल्यावर सगळे सारखेच दिसतात. तात्यांनी मान खाली घातली. "मला ओळखता येत नाही रे. तुला हवा तो घे, मी कोरून देतो."

त्यानं एक निवडला. काम होईपर्यंत समोर बसून राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

पण तात्यांना सगळ्यात मोठा धक्का घरातच बसला. टीचरनं चर्चला जाणं सोडलं. तात्यांना वाटलं होतं, सोडलं तर आपण सोडू. ती कशी सोडेल?

"माझी देवावरची श्रद्धा तसूभरही हललेली नाही," ती म्हणाली. "पण असल्या लोकांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला माझं तोंड उघडणार नाही. बावीस वर्षं मी पोरांना सांगत आले, इथं खोटं चालत नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि तुम्ही का जाता? तुम्हाला तर तिथे झोप यायची!"

तात्यांनी बराच विचार केला. बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"तू गेलीस तर तुझं बरोबर आहे. तुझे हात स्वच्छ आहेत. माझे नाहीत. वाईट माणसांचं चर्च म्हणून मी सोडलं, तर मला घेणारं चर्च कुठे शोधू?"

"म्हणजे हे असंच चालू द्यायचं?"

"नाही. दर महिन्याला मी दफनभूमीत चक्कर मारतो, दगड मोजतो. कमिटीच्या सभेत विचारतो. त्यांना मी नकोसा झालोय. म्हणून तरी जातो."

"हे काही भक्तीचं कारण नव्हे."

"नसेल," तात्या म्हणाले.

नर्सबाईंनाही त्यांनी एकदा विचारलं होतं, तुम्ही कशा येता? बाई म्हणाल्या, "मी पाळकांसाठी कधी आलेच नव्हते. पण टीचर येत नाही, तर तिला चुकीचं म्हणू नका. पोर माझं होतं तरी मला वाटतं, तिचीच जखम जास्त खोल आहे."

आता रविवारी त्या घरातून एकच माणूस बाहेर पडतो. टीचर खिडकीपाशी पुस्तक उघडून एकटी प्रार्थना करते. तात्या उपासनेत आता झोपत नाहीत. प्रभुभोजनाची ताटली जवळ आली की ते ती पुढच्याच्या हातात देतात, स्वतः घेत नाहीत. नव्या पाळकानं कारण विचारलं, तर म्हणाले, "अजून नाही."

ते घरी आले की टीचर आधी काहीच विचारत नाही. जेवण वाढून होतं, पाणी ठेवून होतं. मग पाठ वळवून म्हणते, "आज कुठलं गीत झालं?"

तात्या सांगतात. ती भांडी आवरता आवरता त्याची पहिली ओळ गुणगुणते, दुसऱ्या ओळीवर थांबते, आणि नळ सोडते.